पेपरशेजारचा रंगीत मेदूवडा आणि त्याच्या पोटातला आकडा

मी एका मेडिकल कॉलेजच्या लायब्ररीत काम करते. मागे एकदा दुपारी, चहा यायच्या जरा आधी, आमचे एक सर्जन सर आले, लॅपटॉप माझ्या टेबलावर ठेवला आणि स्क्रीनवर बोट ठेवून म्हणाले, "मॅडम, हा मेदूवडा काय आहे?"

त्यांचा हर्नियावरचा संशोधनाचा पेपर नुकताच ऑनलाइन आला होता आणि त्याच्या बाजूला मधे भोक असलेलं एक गोल रंगीत चक्र होतं, आणि भोकात आकडा होता ३. सरांचं दुखणं ३ हे नव्हतंच खरं तर. त्यांच्याच मजल्यावरच्या दुसऱ्या डिपार्टमेंटच्या मॅडमचा, रात्री मोबाइल बघणं आणि झोप असा काहीतरी पेपर होता, त्याच्या मेदूवड्यात होते १८७. "मी चार वर्षं पेशंट फॉलो केले हो, आणि त्यांनी पोरांकडून एक गूगल फॉर्म भरून घेतला," हे सर बोलले नाहीत, पण चेहऱ्यावर सगळं लिहिलेलं होतं.

तर हे चक्र म्हणजे काय, ते कोण मोजतं, कसं मोजतं, आणि वर्तमानपत्रात "लॅन्सेटमधल्या संशोधनाने खळबळ" (लॅन्सेट हे नावाजलेलं मेडिकल जर्नल, म्हणजे संशोधन छापणारं नियतकालिक) असं वाचणाऱ्या आपल्यासारख्यांना त्याचं काय, हे त्या दिवशी सरांना जसं सांगितलं तसंच, थोडं जास्त पसरून, इथे लिहितेय.

आधी जुना हिशोब

संशोधन किती मोलाचं हे ठरवायची जुनी पद्धत म्हणजे सायटेशन. तुमचा पेपर वाचून नंतर कुणी स्वतःचा पेपर लिहिला आणि शेवटी यादीत तुमचं नाव दिलं, की तुमचं एक सायटेशन झालं. शेजारणीने तुमच्या वहीतली पुरणपोळीची कृती उतरवून घेतली आणि स्वतःच्या वहीत "ही अमक्या काकूंची" असं लिहिलं, तसं. मोजायला सोपं, पण यायला उशीर, कारण तिने आधी वाचायचं, मग स्वतः करून बघायचं, मग लिहायचं, मग ते छापून यायचं. दोन-तीन वर्षं सहज जातात.

यावरूनच निघाला इम्पॅक्ट फॅक्टर. अमेरिकेतल्या युजीन गारफिल्ड यांची १९५५ मधली कल्पना, आणि १९७५ पासून त्याचे वार्षिक अहवाल निघायला लागले. हिशोब असा की एखाद्या जर्नलने आधीच्या दोन वर्षांत छापलेल्या लेखांना यंदा किती सायटेशन मिळाली, भागिले त्या दोन वर्षांतल्या लेखांची संख्या. म्हणजे ही वर्गाची सरासरी झाली, तुमच्या मुलाचे मार्क नव्हेत. वर्गात दोन पोरं शंभरपैकी शंभर आणि बाकी सगळी पस्तिशीवर काठावर असली तरी सरासरी बरी दिसते, आणि काठावरचं पोरगंही आमच्या वर्गाची सरासरी बघा म्हणून मिरवतं. २०२० साठी लॅन्सेटचा इम्पॅक्ट फॅक्टर ७९ च्या आसपास होता, पुढच्याच वर्षी तो २०२ वर गेला. लॅन्सेटचे संपादक एका वर्षात अडीचपट हुशार झाले असं काही नाही, कोविडच्या काही पेपरांना जगभरातून धो धो सायटेशन मिळाली, बस.

मग हा मेदूवडा कुठून आला

२०१० मध्ये जेसन प्रीम नावाच्या अमेरिकेतल्या एका पीएचडीच्या विद्यार्थ्याने ट्विटरवरच एक शब्द टाकला, ऑल्टमेट्रिक्स. ऑल्टरनेटिव्ह मोजमापं, म्हणजे सायटेशनला पर्यायी. म्हणणं साधं होतं: संशोधनावरची चर्चा आता जर्नलच्या पानांत कमी आणि ब्लॉगवर, ट्विटरवर, बातम्यांत, विकिपीडियावर जास्त होते, मग ती मोजायची नाही का? त्याच वर्षी त्याने आणि आणखी तिघांनी मिळून जाहीरनामा काढला. पुढच्या वर्षी, २०११ मध्ये, युअन एडी यांनी लंडनमध्ये ऑल्टमेट्रिक याच नावाची कंपनी काढली आणि ते रंगीत चक्र आलं. त्यांच्या भाषेत ते डोनट, पण आमच्या लायब्ररीत आता कायमचा मेदूवडा. दुसऱ्या कंपन्याही आहेत, प्लमएक्स त्यातलं एक, सध्या एल्सव्हिअर या प्रकाशन कंपनीकडे आहे, पण मेडिकल जर्नलांवर तुम्हाला जास्त करून हा मेदूवडाच दिसेल.

रंगांना अर्थ आहेत. लाल म्हणजे बातमी, पिवळसर म्हणजे ब्लॉग, फिका निळा म्हणजे ट्विटर (एक्स म्हणा, पण कोण म्हणतं), गडद निळा फेसबुक, जांभळा म्हणजे सरकारी किंवा संस्थांची धोरणं नि मार्गदर्शक कागद. मधला आकडा म्हणजे सगळ्याची गोळाबेरीज.

गणपती विसर्जनाला प्रदूषणवाले डेसिबल मोजायचं यंत्र घेऊन उभे असतात ना, हे तसलं यंत्र आहे. आवाज किती झाला ते ते बरोबर सांगतं. ढोलपथक सुरात होतं का बेसूर, लोक नाचत होते का शिव्या देत होते, ते त्या आकड्यात नाही. कंपनी स्वतःही हे कधी लपवत नाही, त्या आकड्याचं नावच त्यांनी अटेन्शन स्कोअर ठेवलंय. घोळ आपण घालतो, तो आकडा वाचताना.

आकडा बनतो कसा

सगळ्या उल्लेखांना सारखं वजन नसतं. बरीच वर्षं चाललेला तक्ता असा: एका बातमीला ८, ब्लॉगला ५, विकिपीडियाला ३, एका ट्विटला १, फेसबुक पोस्टला पाव. मधूनमधून हे बदलतात, शिवाय बातमी कुठे आली नि ट्विट कुणी केलं यावरही थोडं कमीजास्त होतं, आणि एकाच माणसाने दहादा ट्विट केलं तरी ते एकदाच धरतात. पण ढोबळ अंदाज यायला एवढं पुरे.

आता मॅडमचे १८७ बघा. मी तो मेदूवडा क्लिक करून उघडला (क्लिक होतो तो, बहुतेकांना माहीतच नसतं, आणि खरी मजा आतच असते). आत लाल रंगाच्या बावीस बातम्या होत्या. एकेक उघडून बघितल्या तर पहिलं वाक्य सगळीकडे तेच, दुसरंही तेच. एका वृत्तसंस्थेने एक कॉपी सोडली, ती बावीस वेबसाइटवर जशीच्या तशी चिकटवली गेली, बावीस आठे एकशे शहात्तर. वरचे ११ ट्विटांचे. म्हणजे एका उपसंपादकाने एका दुपारी पेपरची बातमी केली, एवढंच खरं घडलं होतं. मॅडमचा पेपर वाईट आहे असं मी म्हणत नाहीये हां, मी तो वाचलाय, ठीक आहे. फक्त बावीस लोकांनी बावीस वेळा विचार करून तो निवडला असं समजू नका.

आणि सरांचे ३? तीन ट्विट. एक खुद्द सरांचं, त्यांच्या मुलीने त्यांना अकाउंट काढून दिलंय त्यावरून. दुसरं जर्नलच्या हँडलचं. तिसरं एक फोटो नसलेलं, अंड्यासारखं रिकामं तोंड असलेलं अकाउंट. "हा बॉट असणार," सर म्हणाले. शक्य होतं. नवा पेपर आला की आपोआप लिंक टाकणारी यांत्रिक खाती भरपूर आहेत, त्यांच्यावरही अभ्यास झालेत, आणि त्यांचं ट्विटही मोजणीत येऊन बसतं.

३ वर नाराज व्हायचं कारण नाही हेही मी त्यांना सांगितलं. २०१० ते २०१२ मधल्या १४ लाख मेडिकल पेपरांवर झालेल्या एका मोठ्या अभ्यासात दहा टक्क्यांपेक्षा कमी पेपरांचा ट्विटरवर नुसता उल्लेख तरी सापडला होता. आता प्रमाण वाढलंय, पण तरी ढीगभर पेपर असे आहेत ज्यांच्या भोकात शून्य आहे.

बातमी आली म्हणून खरंच काही फरक पडतो का?

इथे मला एक जुनी गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही, सोशल मीडियाच्या कितीतरी आधीची.

न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन हे डॉक्टरांचं मोठं साप्ताहिक. त्यातल्या काही पेपरांची बातमी न्यूयॉर्क टाइम्स करायचा. काही संशोधकांनी १९९१ मध्ये हिशोब मांडला की ज्या पेपरांची टाइम्सने बातमी केली त्यांना पहिल्याच वर्षी, बातमी न झालेल्या तशाच पेपरांपेक्षा सुमारे ७३ टक्के जास्त सायटेशन मिळाली. आता तुम्ही म्हणाल, त्यात काय, टाइम्सचे पत्रकार हुशार, ते चांगलेच पेपर निवडणार, त्यांना सायटेशन मिळणारच होती. बरोबर शंका आहे. पण १९७८ मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये संप झाला, जवळजवळ बारा आठवडे. गंमत म्हणजे त्या काळातही आतली मंडळी नोंदीसाठी अंक तयार करत होती, फक्त तो विकायला बाहेर गेला नाही. म्हणजे पत्रकारांनी निवड केली, बातमी लिहिली, आणि ती कुणीच वाचली नाही. प्रयोग करायचा म्हटलं तर इतका स्वच्छ प्रयोग कुणी करून देणार नाही.

आणि निकाल? संपाच्या काळात निवडलेल्या पेपरांना जास्तीची सायटेशन मिळालीच नाहीत. म्हणजे पत्रकारांच्या पारखीचा भाग फार नव्हता, छापून लोकांच्या हातात जाण्याचा होता. डॉक्टर लोकही सकाळी चहासोबत वर्तमानपत्र वाचतात आणि मग जर्नल उघडतात, एवढं साधं.

"म्हणजे ट्विट केलं की काम झालं?"

सरांनी हे लगेच विचारलं. मुलीला सांगून रोज टाकायचा विचार असावा.

यावर प्रयोग झालेत, चिठ्ठ्या टाकून केलेले, औषधांच्या ट्रायलसारखे. हृदयरोगावरचं सर्क्युलेशन नावाचं जर्नल आहे, त्यांनी आपले २४३ पेपर घेतले, निम्म्यांचा सोशल मीडियावर गाजावाजा केला, निम्म्यांचा नाही, आणि तीस दिवसांत कुठला किती वेळा उघडला ते बघितलं. फरक जवळजवळ नाहीच. हा २०१५ चा निकाल. मग २०२० मध्ये छातीच्या सर्जन लोकांच्या एका गटाने ११२ पेपरांवर तसंच केलं आणि त्यांना वर्षभरात ट्विट केलेल्या पेपरांची सायटेशन जास्त वाढलेली दिसली. मग लोक खूश. मग २०२४ मध्ये आणखी एक प्रयोग आला, मेडिकलचा नाही, इतर विज्ञानातला, पण तीन वर्षं वाट बघून केलेला: चांगले फॉलोअर असलेल्या शास्त्रज्ञांनी ११० पेपर ट्विट केले, बाकीचे तसेच सोडले. डाउनलोड वाढले, मेदूवड्यातला आकडा अर्थातच वाढला, पण सायटेशनमध्ये खात्रीने वाढलं म्हणण्याइतका फरक दिसला नाही.

माझं मत विचाराल तर ट्विटने लोक दुकानाच्या पायरीपर्यंत येतात, माल घेतीलच असं नाही.

पण जे इतकं गाजलं ते चांगलं असणारच ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो, म्हणून इथे जरा थांबते.

२०१८ च्या शेवटी एक पेपर आला: लहान मुलांच्या आरोग्यसेवेतल्या सहा जणांनी लेगोच्या खेळण्यातलं ते छोटं पिवळं डोकं असतं ना, ते प्रत्येकी एक गिळलं. आणि मग ते बाहेर कधी येतं हे रोज, म्हणजे, समजून घ्या, तपासलं. सरासरी १.७१ दिवस लागले, एकाचं सापडलंच नाही. पेपर रीतसर जर्नलमध्ये छापून आला आणि जगभर धमाल गाजला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये बीएमजेच्या (ब्रिटिश मेडिकल जर्नल) नाताळ अंकात दुसरा पेपर: विमानातून उडी मारताना पॅराशूटचा उपयोग होतो का? २३ लोकांवर ट्रायल, काहींना पॅराशूट, काहींना रिकामी सॅक. निकाल: काहीही फरक नाही, कुणालाच मोठी इजा झाली नाही. कारण आत लिहिलं होतं की विमान जमिनीवर उभं होतं आणि उडी साधारण दोन फुटांची होती. हा विनोद मुद्दाम केलेला, ट्रायलचा निष्कर्ष तेवढा वाचून आतला तपशील न वाचणाऱ्यांना चिमटा म्हणून. दोन्ही मेदूवडे भलेमोठे आहेत. त्यांच्या आकड्याकडे बघून बालरोगात किंवा इमर्जन्सी मेडिसिनमध्ये क्रांती झाली असं वाटावं.

कधी लेखक गाजतो. ऑल्टमेट्रिकच्या २०१६ मधल्या सगळ्यात गाजलेल्या पेपरांच्या यादीत पहिला आलेला पेपर जामा या जर्नलमधला होता, अमेरिकेच्या आरोग्य विम्याच्या कायद्यावरचा, लेखक बराक ओबामा, तेव्हाचे चालू राष्ट्राध्यक्ष. स्कोअर आठ हजारांवर गेला. आमच्या सरांनी तोच मजकूर शब्द न् शब्द लिहिला असता तर ३ वर काहीतरी मिळाले असते, आणि त्यातलं एक मुलीचं.

हे झालं गमतीचं. आता जरा कडू.

३१ जानेवारी २०२० ला दिल्लीतल्या काही संशोधकांचा एक प्रीप्रिंट ऑनलाइन आला. प्रीप्रिंट म्हणजे दुसऱ्या तज्ज्ञांनी तपासायच्या आधीच लोकांसमोर ठेवलेला कच्चा पेपर. नव्या कोरोना विषाणूत एचआयव्हीशी जुळणारे तुकडे आहेत, आणि हे साम्य योगायोगाचं वाटत नाही, असा त्याचा सूर. पुढे काय झालं असेल ते सांगायला नको. पण त्याच ट्विटरवर विषाणूशास्त्रज्ञ तुटून पडले, की बाबांनो एवढे छोटे तुकडे कुठल्याही विषाणूत सापडतात, आणि २ फेब्रुवारीला लेखकांनी पेपर मागे घेतला. दोन दिवस आयुष्य. आणि तरी ऑल्टमेट्रिकच्या मोजणीत तो सगळ्यात गाजलेल्या कागदांत जाऊन बसला, कारण त्याला फाडणारं प्रत्येक ट्विटसुद्धा +१ च. पसरवणारे आणि थांबवणारे, दोघांनी मिळून तो आकडा फुगवला.

मे २०२० मध्ये लॅन्सेटमध्ये हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या मलेरियाच्या गोळीवर, कोविडच्या पेशंटमधला, पेपर आला, ६७१ हॉस्पिटलं, ९६ हजार पेशंट, आणि म्हणे गोळीने मृत्यू वाढतात. आठवत असेल, ही तीच गोळी जी आपल्याकडे आयसीएमआरने (केंद्राची वैद्यकीय संशोधन परिषद) मार्चमध्येच हेल्थ वर्करना प्रतिबंधक म्हणून घ्यायला सांगितली होती, त्यामुळे इथेही चांगलीच धावपळ झाली. जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या ट्रायलमधला त्या गोळीचा भाग थांबवला. मग लोकांनी विचारलं की हा डेटा आला कुठून? सर्जिस्फिअर नावाची कंपनी, आणि ती मूळ डेटा तपासायला द्यायलाच तयार नाही. ४ जूनला पेपर मागे. दोन आठवडेसुद्धा पूर्ण नाहीत. आकडा मात्र तसाच, प्रचंड. २०२२ च्या एका अभ्यासात तर हेच दिसलं की पुढे मागे घेतल्या जाणाऱ्या पेपरांकडे, मागे घेण्याआधी, तशाच इतर पेपरांपेक्षा जास्त लक्ष गेलेलं असतं. सनसनाटी निष्कर्ष चुकीचा असण्याची शक्यता जास्त आणि गाजण्याचीही जास्त, मग दोन्ही एकत्र सापडणारच.

आणि मग गोव्यातल्या गोळ्या

हे नुसते संशोधकांचे आपापसातले आकडे असते तर मी एवढं लिहिलं नसतं. १० मे २०२१ ला गोव्याचे आरोग्यमंत्री विश्वजीत राणे यांनी जाहीर केलं की अठरा वर्षांवरच्या सगळ्यांना आयव्हरमेक्टिन हे जंतांवरचं औषध देणार, १२ मिलिग्रॅम, पाच दिवस, कोविड असो वा नसो. आधार म्हणून परदेशातल्या तज्ज्ञांच्या गटांचा दाखला दिला. त्या काळात आयव्हरमेक्टिनवरचे पेपर आणि प्रीप्रिंट इंटरनेटवर तुफान फिरत होते. दुसऱ्याच दिवशी जागतिक आरोग्य संघटनेच्या मुख्य शास्त्रज्ञ सौम्या स्वामीनाथन यांनी ट्विट करून सांगितलं की ट्रायलबाहेर हे औषध कोविडसाठी वापरू नका असाच संघटनेचा सल्ला आहे. पुढे ती योजना गुंडाळली गेली. आणि जुलैमध्ये, आयव्हरमेक्टिनच्या बाजूचा एक फार गाजलेला इजिप्तचा प्रीप्रिंट मागे घेतला गेला, कारण लंडनमधल्या एका विद्यार्थ्याने तो नीट बसून वाचला आणि आकडे जुळत नाहीत, मजकूर उचललेला आहे, हे त्याच्या लक्षात आलं.

नीट बसून वाचणारा एकच माणूस, तोही विद्यार्थी. त्याचं वाचणं कुठल्या रंगात मोजणार?

जे मोजलंच जात नाही

आता माझी स्वतःची तक्रार. हे यंत्र पेपरची लिंक किंवा त्याचा डीओआय नंबर शोधतं (डीओआय म्हणजे पेपरचं आधार कार्ड समजा), किंवा बातमीत जर्नलचं नि लेखकाचं नाव नीट आलंय का बघतं. आपल्या मराठी पेपरात बातमी कशी येते? "लॅन्सेट या प्रतिष्ठित नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार." लिंक नाही, लेखकाचं नाव असलंच तर देवनागरीत आणि एक अक्षर चुकलेलं. लाखो लोकांनी वाचली तरी त्या यंत्राच्या कानावर ती जायची शक्यता कमीच. आणि व्हॉट्सॲप तर सगळंच बंद दाराआड, तिथलं काहीच मोजता येत नाही. आमच्या नात्यातल्या ग्रुपवर काका रोज सकाळी गुड मॉर्निंगच्या फुलासोबत एक संशोधन टाकतात, हळद, तूप, कोमट पाणी. महाराष्ट्रातल्या घराघरांत मेडिकल संशोधनाकडे जे खरं लक्ष जातं ते असं जातं, आणि त्याचा हिशोब शून्य.

सरांच्याच विषयातलं उदाहरण देते. हर्नियाच्या ऑपरेशनला जाळी लावतात, ती महाग. आपल्या धुळे जिल्ह्यात दोंडाईचाला डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी मच्छरदाणीचं कापड निर्जंतुक करून जाळी म्हणून वापरलं, इतर सर्जनना सोबत घेतलं, आणि २००३ मध्ये इंडियन जर्नल ऑफ सर्जरीत त्यांचा पेपर आला. २०१६ मध्ये न्यू इंग्लंड जर्नलमध्ये युगांडातल्या ३०२ पुरुषांवरची ट्रायल आली, स्वस्त जाळी विरुद्ध महाग जाळी, आणि वर्षभरात दोन्हींत म्हणण्यासारखा फरक नाही. स्वस्त जाळी कशाची? मच्छरदाणीच्या कापडाची. मेदूवडा कुणाचा मोठा असेल हे वेगळं सांगायला नको. एक तर ऑल्टमेट्रिकची नीट मोजणीच २०११ च्या आसपास सुरू होते, त्याआधीचं जग त्याला अंधुक दिसतं. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचं विंचूदंशावरचं काम घ्या. १९८२ आणि १९८६ मध्ये लॅन्सेटमध्येच छापून आलं, कोकणात लाल विंचू चावून माणसं पटापट जायची ते प्राझोसिन या गोळीने कितीतरी कमी झालं, आणि त्या काळात ते पसरलं कसं तर तालुक्यातालुक्यांतल्या डॉक्टरांच्या बैठकांतून, पत्रांतून, एका पीएचसीतून दुसऱ्या पीएचसीत. ज्याचा जीव वाचला त्याने काही पोस्ट टाकली नाही.

पैसे देऊन वाढवता येतो का?

येतो, थोडाफार. फॉलोअर विकत मिळतात तसे ट्विटही मिळतात. कंपनी गडबड दिसली की चाळणी लावते, पण त्याहून सोपा आणि पूर्ण कायदेशीर रस्ता म्हणजे प्रेस रिलीज. बीएमजेत २०१४ मध्ये ब्रिटनमधल्या २० विद्यापीठांच्या ४६२ आरोग्यविषयक प्रेस रिलीज तपासून लिहिलेला पेपर आहे. ४० टक्के रिलीजमध्ये पेपरात होता त्यापेक्षा फुगवलेला सल्ला होता, आणि ३६ टक्क्यांत प्राण्यांवरचा निष्कर्ष माणसांवर ढकललेला. आपण पत्रकारांना नावं ठेवतो, पण रिलीजमध्ये फुगवलेलं असेल तर बातमीतही फुगतं, रिलीज सरळ असेल तर बातमी बरीच सरळ येते. म्हणजे मीठ विद्यापीठाच्या स्वयंपाकघरातच जास्त पडलेलं असतं. आणि यातला सगळ्यात मजेशीर निकाल असा की फुगवल्यामुळे बातम्या जास्त येतात असा ठोस पुरावाही मिळाला नाही. उगाच खारट केलं.

मग त्याकडे बघायचं तरी कसं?

सरांना मी एवढंच म्हटलं की मधला आकडा झाका आणि कडेचे रंग बघा. जांभळा रंग दिसला, म्हणजे कुठल्यातरी आरोग्य खात्याच्या किंवा जागतिक आरोग्य संघटनेच्या कागदात तुमचा पेपर आलाय, तर ते एक वजन हजार ट्विटांना भारी, भले हिशोबात त्याला ३ च मिळोत. लाल असेल तर बातम्या उघडून बघा, एकच कॉपी आहे का. निळा असेल तर माणसं बघा, शाबासकी देतायत का धुलाई करतायत. आणि वाचक म्हणून तुम्ही घरी बसून कुठला पेपर बघत असाल तर आधी वर "मागे घेतला" असा शिक्का आहे का ते बघा, मेदूवडा नंतर.

"मग आपला हा तिसरा बघू की," सर म्हणाले, आणि मी ते रिकाम्या तोंडाचं अकाउंट उघडलं.

बॉट नव्हता. छत्तीसगडमधल्या एका छोट्या हॉस्पिटलातला सर्जन होता, फॉलोअर एकोणचाळीस. सरांच्या पेपरची लिंक टाकून त्याने खाली लिहिलं होतं की आमच्याकडे ही जाळी मिळत नाही, टेबल दोनमधल्या पेशंटमध्ये पुन्हा हर्निया झालेले सात जण कुठल्या वयाचे होते, कुणी सांगू शकेल का. पाच आठवड्यांपूर्वीचं ट्विट. खाली एकही उत्तर नाही.

सर खुर्ची ओढून बसले. "टेबल दोनपर्यंत वाचलंय त्याने," म्हणाले. मग खिशातून चष्मा काढला, ते पुन्हा वाचलं, आणि विचारलं, "याला उत्तर कुठे टाइप करायचं, मॅडम?"

चहा आला होता, तो तसाच राहिला.